एक्सपल्सचा शॉकअप कडक केला, हँडल उंच केलं, तरी मनगटं भरून येतात

काजूवाट, वाळपई

नमस्कार. गाडी हिरोची एक्सपल्स २०० ४व्ही, २०२२ साली घेतलेली. माझी उंची ५ फूट ३ इंच, वजन ५६ किलो. वाळपईपासून नऊ किलोमीटरवर आमची काजूची बाग आहे. सहा किलोमीटर डांबर, मग मातीची वाट, मग सडा, म्हणजे जांभ्याचं उघडं पठार, आणि सड्यावरून बागेत उतरणारा जांभ्याचा उतार. बाबांच्या गुडघ्यांना तो आता झेपत नाही, म्हणून ही गाडी घेतली. फेब्रुवारीच्या अखेरीपासून मे संपेपर्यंत शाळा सुटली की मी रोज तिकडे जाते. येताना मागच्या कॅरिअरवर बियांची गोणी असते, २० ते २५ किलोंची. बोंडं भट्टीवाला बागेतूनच नेतो. काजू संपला की गोणी नाही, फक्त मी आणि वाट. मला चालवायला तेव्हाच जास्त आवडतं.

गेल्या पावसात त्या उतारावर शेवाळावरून घसरून पडले. मला लागलं नाही, हँडल वाकलं म्हणून बदलून घेतलं. त्याच वेळी गॅरेजमध्ये सांगितलं की गोणी ठेवली की गाडी मागून बसते आणि उभी राहून चालवताना मला वाकावं लागतं. त्यांनी मागचा शॉकअप पूर्ण कडक केला आणि हँडल उंच करायला त्याखाली ५० मिलिमीटरचे ठोकळे, म्हणजे रायझर, घातले.

तेव्हापासून गाडी माझी राहिली नाही असं वाटतं. उतारावर पुढचं चाक चळतं. सड्यावरच्या बारीक गोल खड्यांवर वळताना ते बाहेर सरकतं. दगडावरून गेलं की मागचं चाक लाथ मारल्यासारखं उडतं. बागेपर्यंत पोचते तेव्हा दोन्ही मनगटं भरून आलेली असतात आणि उजव्या अंगठ्याच्या मुळाशी मुंग्या येतात. दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहिताना हात जड वाटतो.

कुणी म्हणतं फॅट बार घाल, कुणी म्हणतं रॅली किट घाल. पंधरा हजारांपर्यंत खर्च करायची तयारी आहे, पण चुकीच्या ठिकाणी नको. तीन आठवड्यांत काजू सुरू होईल. काय करू?


पेडणे२१

मी गेल्या वर्षी फॅट बार घातला आणि मला आवडला. साधा दांडा २२ मिलिमीटरचा असतो, फॅट बार क्लॅम्पच्या जागी २८.६चा. पडल्यावर सहज वाकत नाही. फक्त क्लॅम्प वेगळे लागतात. मुठीसुद्धा मऊ घेतल्या, थरथर कमी झाली. रॅली किट मात्र तुम्ही घेऊ नका. त्यात पुढचा प्रवास, म्हणजे चाक वर-खाली किती जातं ते, १९०चा २५० मिलिमीटर होतो, मागचा १७०चा २२०. गाडी चांगलीच उंच होते. मूळ सीट ८२५ मिलिमीटरवर आहे, तुमच्या उंचीला तीच पुरेशी उंच. जांभ्याच्या उतारावर पाय टेकायची वेळ आली आणि पाय पोचला नाही तर गाडी अंगावर येईल.


डिचोली_फिटर

बाय, अजून काहीही विकत घेऊ नको. आधी आजच्या आज एक काम कर. गाडी न्यूट्रलमध्ये चालू ठेव, ॲक्सिलरेटरला हात लावू नको, आणि हँडल पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे वळव. इंजिनाचा आवाज जरा जरी चढला तर केबल ताणली जाते आहे, आणि गाडी चढावरच्या वळणात तू न सांगता पळेल. क्लचची केबल आणि पुढच्या ब्रेकचा होजही तसाच वळवून बघ. ५० मिलिमीटर रायझरला मूळ केबल पुरतीलच असं नाही. आवाज चढत असेल तर रायझर काढेपर्यंत गाडी बाहेर काढू नको. ही माझी विनंती समज.

आता बाकीचं. मी सत्तावीस वर्षं पान्यावर आहे. त्यातली पहिली चौदा वर्षं खाणीवरच्या टिपरखाली गेली. २०१२ साली खाणी बंद पडल्या तेव्हा घराशेजारी छप्पर घालून दुचाक्या दुरुस्त करायला लागलो. टिपरचं सांगतो, कारण तुझी गाडी आज रिकामा टिपर झाली आहे. खनिज भरलेला टिपर खड्ड्यातून शांतपणे जायचा. तोच जेटीवर रिकामा होऊन परत येताना उडत यायचा, आणि ड्रायव्हर संध्याकाळी कंबर धरून बसायचे. पाटे, म्हणजे खालच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगा, त्याच, रस्ता तोच. पाटे भरल्या गाडीसाठी बसवलेले, रिकाम्या वजनाने ते दबतच नव्हते.

तुझ्या गॅरेजवाल्याने गोणीसाठी गाडी बसवली. गोणीपुरतं त्याचं चुकलं नाही. पण गोणी नसताना त्या शॉकअपवर तू एकटी ५६ किलोची बसतेस. शॉकअप ‘कडक’ केला असं आपण सगळेच म्हणतो, पण प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगवरचा आधीचा दाब, वाढवून स्प्रिंग कडक होत नाही, ती तीच राहते. आधीच दाबून ठेवल्यामुळे गाडी मागून उंच उभी राहते, एवढंच. आणि उंच उभी राहिली की चाकाला खड्ड्यात खाली उतरायला मोकळीक उरत नाही. दगडावरून गेल्यावर चाक जमिनीला धरून खाली जायचं, ते मध्येच अडतं आणि सगळी गाडी वर फेकली जाते. तुला बसणारी लाथ हीच.

गाडी वजनाने किती बसते त्याला सॅग म्हणतात. तो डोळ्यांनी कळत नाही, टेपने मोजायचा. दोन माणसं लागतील, बाबांना बोलाव. मागच्या ॲक्सलच्या सरळ वर, शेपटीच्या पॅनेलवर चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर पेनाने रेघ मार. गाडी साइड स्टँडवर झुकवून मागचं चाक जमिनीपासून सुटेल इतकी उचला आणि ॲक्सलच्या मध्यापासून रेघेपर्यंत मोजा. हा पहिला आकडा. मग गाडी सपाट फरशीवर सरळ धरा, तू बसू नको, दुसरा आकडा. मग हेल्मेट, बूट, पाठपिशवी, नेहमी असतं ते सगळं घालून फूटरेस्टवर उभी राहा. बाबांनी भिंतीशी उभं राहून हँडल तोलून धरायचं आणि तिसऱ्या कुणीतरी मोजायचं. प्रत्येक वेळी गाडी एकदा दाबून सावकाश वर येऊ दे आणि मोज, मग एकदा उचलून सावकाश बसू दे आणि मोज. दोन्हींची सरासरी घे. सील आणि बूश थोडे चिकटतात, त्यामुळे एकाच मोजणीवर विश्वास ठेवू नये.

पहिल्यातून तिसरा वजा केलास की तुझ्यासकटचा सॅग मिळेल. मागचा प्रवास १७० मिलिमीटर आहे, त्याच्या साधारण ३० टक्के, म्हणजे ५०च्या आसपास हवा. ४५ ते ५५मध्ये कुठेही चालेल. पहिल्यातून दुसरा वजा केलास की गाडीच्या स्वतःच्या वजनाचा सॅग, तो १५ ते २० हवा. आकडे इथे लिही. माझा अंदाज आहे की तुझ्यासकटचा सॅग ३५च्याही खाली येईल.

आता उतारावर पुढचं चाक का चळतं ते बघ. गाडी मागून उंच म्हणजे पुढून झुकलेली. फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या शॉकअपच्या दोन नळ्या, जास्त उभा होतो, स्टिअरिंग हलकं आणि चंचल होतं, आणि उतारावर तुझं सगळं वजन हातांवर येतं. मनगटं तिथेच भरतात. सड्यावर याच्या उलट घडतं. रायझर दांडा नुसता वर नेत नाही. स्टिअरिंगचा कोन मागे झुकलेला असतो, त्याच रेषेत दांडा तुझ्याकडेही येतो. त्यामुळे तू मागे रेलून उभी राहतेस, पुढच्या चाकावर वजन राहत नाही, आणि गोल खड्यांवर ते बाहेर सरकतं. एकाच गाडीत दोन उलट दोष घातले गेलेत. म्हणून तुला ती परकी वाटते.

वाकावं लागतं म्हणून रायझर घातले म्हणालीस. ५ फूट ३ इंचाला या गाडीवर रायझर लागत नाहीत. माझा अंदाज असा, की वाकणं दांड्याच्या फिरवणीमुळे होतं. दांडा मागे फिरवून बसवला की मुठी पोटाकडे येतात, कोपर अंगाशी चिकटतात आणि मनगट मोडतं. रायझर काढ. दांडा सैल करून बाजूने बघ. क्लॅम्पमधून वर चढणारा त्याचा भाग फोर्कच्या रेषेशी समांतर हवा. तिथून सुरुवात कर. मग फूटरेस्टवर उभी राहा, गुडघे थोडे वाकव, कंबरेतून पुढे झुक, पाठ सरळ, हात सैल सोड आणि डोळे मिटून समोर आण. हात मुठींवर आपोआप पडायला हवेत, कोपर बाहेर आणि थोडे वर. पडत नसतील तर दांडा दोन-तीन मिलिमीटर फिरव आणि पुन्हा तेच कर. जमलेल्या जागी दांड्यावर आणि क्लॅम्पवर नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढ. परत पडलीस तर किती फिरला ते दिसेल.

मग लिव्हर. गॅरेजमध्ये ते बहुतेक मुठीला चिकटून बसवलेले असतील. दोन्ही आत सरकव, इतके की मुठीवर हात नेहमीच्या जागी असताना तर्जनीचं टोक लिव्हरच्या बाहेरच्या वाकाजवळ येईल. टोकाशी ओढलं की कमी ताकद लागते, एका बोटाने ब्रेक लागतो आणि बाकीची बोटं मूठ धरून ठेवतात. तुझ्या अंगठ्याच्या मुंग्या मला इथल्या वाटतात. चार बोटं लिव्हरवर असली की मूठ फक्त अंगठ्याच्या बेचक्यात राहते आणि प्रत्येक दगड तिथे लागतो.

लिव्हरचे क्लॅम्प आवळून टाकू नको. खाली नळवाल्याची टेफ्लॉन टेप दोन वेढे गुंडाळ आणि बोल्ट इतकाच आवळ की चालवताना हलणार नाही, पण तळव्याने जोरात मारलं तर फिरेल. पडल्यावर लिव्हर फिरला तर वाचतो, आवळलेला असला तर तुटतो. बागेत एकटी असताना क्लचचा लिव्हर तुटणं म्हणजे काय ते तू समजतेस.

पडल्यानंतर हँडल बदललं म्हणालीस. गाडी सरळ जाताना हँडल जराही तिरकं दिसतं का?


सांगेकर_मी

फिटरदादांचं सगळं पटलं, फक्त लिव्हरच्या कोनाबद्दल त्यांनी सांगितलं नाही म्हणून लिहितो. मी उभं राहून चालवतो तेव्हा हात वरून खाली येतात, म्हणून लिव्हर बरेच खाली, साधारण ४५ अंशांत ठेवले आहेत. सपाटीला आणि चढाला मस्त. ताईंनी तसे करून बघावेत.


डिचोली_फिटर

बाब, सपाटीला तुमचं बरोबर आहे. पण तिची वाट उताराची आहे. उतारावर माणूस सीटच्या मागे जातो, हात लांब होतात आणि मुठींच्या जवळजवळ समोरून येतात. लिव्हर फार खाली असला तर त्या क्षणी बोट पोचवायला मनगट खाली मोडावं लागतं, म्हणजे ब्रेक सर्वांत जास्त लागतो तिथेच तो कमी हाती येतो. आडव्या रेषेच्या जरा खाली, १० ते १५ अंश, एवढ्यावरून तिने सुरुवात करावी. सपाटीवर थोडं अवघडेल, ते सोसता येतं.


काजूवाट, वाळपई

दादा, उशीर झाला, पेपर तपासायचे होते. आज रविवार, सकाळी अंगणात बाबा, माझा भाचा आणि मी असे तिघे बसलो होतो. क्रमाने सांगते.

केबल. हँडल पूर्ण डावीकडे वळवलं की आवाज खरंच चढत होता. इतके महिने मला वाटायचं की माझाच हात चुकून फिरतो. रायझर त्याच रात्री काढले. आता दोन्हीकडे आवाज तोच राहतो.

सॅग. शॉकअप प्रीलोडच्या दहाव्या घरावर, म्हणजे दहाव्या खाचेवर, होता. चाक मोकळं असताना ५८२, गाडी स्वतःच्या वजनावर ५७६, मी उभी असताना ५४९. म्हणजे ६ आणि ३३. ती फिरवायचा सी-पाना शेजाऱ्यांकडून आणला आणि एकेक घर सोडत गेलो. चौथ्या घरावर ५६४ आणि ५३६ आले, म्हणजे १८ आणि ४६. तिथेच थांबलो. मग बाबा म्हणाले गोणी ठेवून बघ. घरात तांदळाचं २५ किलोचं पोतं होतं, ते बांधलं. चौथ्या घरावर ६१ झाला. नवव्यावर नेला तेव्हा ५१.

पुढचंही मोजलं. फोर्कच्या नळीवर मोजायला जागा मिळेना म्हणून ॲक्सलपासून खालच्या क्लॅम्पपर्यंत मोजलं. माझ्यासकट ५२.

हो, हँडल तिरकं आहे. गाडी सरळ जाते तेव्हा डावी मूठ जराशी माझ्याकडे असते. नवीन दांड्याचंच असं असेल म्हणून सोडून दिलं होतं.

दांडा बराच मागे फिरवलेला होता, तुम्ही म्हणालात तसाच. सरळ केला. डोळे मिटून हात सोडण्याचा प्रयोग भाच्याला इतका आवडला की त्याने सायकलवर पण करून बघितला. लिव्हर अजून सरकवायचे आहेत. आत नेले तर हातांच्या गार्डला लागतात.


डिचोली_फिटर

हे आकडे वाचून बरं वाटलं. चौथ्या घरावर १८ आणि ४६ म्हणजे स्प्रिंग तुझ्या वजनाला बरोबर जुळते. ती बदलायची गरज नाही, खर्चासाठी जे पैसे ठेवले होतेस ते ठेव. ४६वर माणसाचा सॅग बरोबर येऊन गाडीचा स्वतःचा ५ मिलिमीटर आला असता तर स्प्रिंग मऊ आहे आणि नुसतीच पिळून ठेवली आहे असं म्हटलं असतं. तसं नाही. एकटी असशील तेव्हा चौथं घर, गोणी असेल तेव्हा नववं. सी-पाना सीटखाली मावत नसेल तर बागेतल्या खोपीत एक ठेव. जाताना चौथं, गोणी बांधली की पाच घरं वर. दोन मिनिटांचं काम आहे आणि रोज करण्यासारखं आहे. नवव्या घरावर गाडी थोडी उडेल, गोणीसाठी ती स्प्रिंग तशी मऊच आहे, पण तीन किलोमीटर सावकाश यायला चालेल. गोणी कॅरिअरच्या टोकाला टांगू नको. जितकी सीटला चिकटून आणि खाली, तितकं पुढचं चाक जमिनीला धरून राहील. २५ किलोंच्या एकीपेक्षा दोन्ही बाजूंना बारा-बारा किलोंच्या दोन पिशव्या पुष्कळ चांगल्या.

पुढचं ५२, प्रवास १९० मिलिमीटर, २७ टक्के झाले. तुझ्या फोर्कला बाहेरून फिरवायला काहीच नाही, आणि फिरवायची गरजही नाही.

हँडल तिरकं आहे ते दांड्यामुळे नव्हे. पडताना चाक एका बाजूला अडकलं आणि फोर्कच्या दोन नळ्या क्लॅम्पमध्ये किंचित पिळल्या गेल्या. हे सरळ करायला नवीन काही लागत नाही. पुढच्या ॲक्सलचा नट आणि त्याला आवळणारा बोल्ट सैल कर, खालच्या क्लॅम्पचे बोल्ट सैल कर, वरचेही थोडे. एकाने पुढचं चाक गुडघ्यांत घट्ट धरायचं आणि दुसऱ्याने हँडल हलक्या हाताने सरळ करायचं. मग पुढचा ब्रेक धरून फोर्क पाच-सहा वेळा दाबा, म्हणजे दोन्ही नळ्या आपल्या आपण एका रेषेत येतील. आधी खालचा क्लॅम्प आवळायचा, मग वरचा, मग ॲक्सल, आणि तो आवळणारा बोल्ट सगळ्यांत शेवटी. ॲक्सल आधी आवळला तर पिळलेल्या जागीच नळ्या अडकतात, फोर्क दबताना घासतो, आणि तो धक्का मनगटात येतो. इथे टॉर्क पान्याशिवाय, म्हणजे किती जोराने आवळलं ते दाखवणाऱ्या पान्याशिवाय, काम करू नको, आकडे गाडीच्या पुस्तकात आहेत. जमत नसेल तर गाडी घेऊन ये, अर्ध्या तासाचं काम आहे.

गार्डचं असं कर. त्यांचे क्लॅम्प सैल करून गार्ड आतल्या बाजूने थोडे खाली फिरव, लिव्हरला दोन-तीन मिलिमीटर जागा झाली की पुरे. गार्ड काढून मात्र चालवू नको. काजूच्या फांद्या नेमक्या बोटांच्या उंचीवर असतात.

टायरची हवा किती ठेवतेस तेही सांग. गॅरेजमध्ये डांबराची हवा भरतात आणि मग माणूस शॉकअपला दोष देतो. ट्यूब असलेल्या टायरला जांभ्यावर पुढे २२ पीएसआय, मागे २४ एवढी मी एकट्या माणसासाठी ठेवतो. गोणी असेल तर मागे २८. त्याखाली गेलीस तर कडेच्या दगडावर रिम आणि दगडाच्या मध्ये ट्यूब चिमटून शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात.

आणि एक. तू बागेच्या पलीकडेही फिरत असशील. म्हादईच्या अभयारण्याची हद्द तुमच्या बाजूला जवळ आहे, १९९९ साली ते जाहीर झालं. वाट कितीही चांगली दिसली तरी गाडी आत घालू नको. लोकांच्या कुळागरातून, म्हणजे माडा-पोफळीच्या बागेतून, जायचं तर विचारून, आणि इंजिन बंद करून ढकलत. आपल्यापैकी एकाने चूक केली की सगळ्यांच्या वाटा बंद होतात.


पेडणे२१

दादा, हे वाचून मी आज माझाही सॅग मोजला. वजन ८४ किलो, सातव्या घरावर ५८. नवव्यावर ५४ आला. फॅट बार घालताना केबल तपासलीच नव्हती. आज तपासली, ठीक आहे. आधी हे करायला हवं होतं.


काजूवाट, वाळपई

फोर्क सरळ झाला. भाच्याने चाक धरलं, टॉर्क पाना बाबांच्या मित्राच्या वर्कशॉपमधून मिळाला. आता दोन्ही मुठी सारख्या दिसतात आणि फोर्क दाबला की आवाज न करता खाली जातो. आधी मध्येच कुठेतरी अडकल्यासारखा वाटायचा, ते मला नेहमीचंच वाटत होतं.

हवा पुढे २९ आणि मागे ३३ होती! २२ आणि २४ केली.

काल संध्याकाळी बागेत जाऊन आले, चौथ्या घरावर, गोणीशिवाय. सड्यावर तेच वळण घेतलं जिथे चाक बाहेर सरकायचं. कोपर वर ठेवले, पुढे झुकले, आणि चाक जिथे बघितलं तिथे गेलं. उतारावर एका बोटाने ब्रेक धरून आले, तीन बोटं मुठीवर. खाली पोचल्यावर थांबून मुद्दाम मूठ उघडझाप करून बघितली. मुंग्या नव्हत्या. मनगटं थोडी थकली होती, पण जशी थकावीत तशी. दगडावरून जाताना मागचं चाक आता खाली जाऊन परत येतं, ते पायांना कळतं.

उतारावरच्या शेवटच्या पायरीसारख्या दगडावरून उतरताना पुढे एकदा ठक असा आवाज आला. फोर्क तळाला गेला असेल का? २०२२पासून फोर्कचं तेल बदललेलं नाही.


डिचोली_फिटर

एखाद्या वेळी तळाला जाणं चालतं. प्रवास वापरण्यासाठीच आहे, पूर्ण वाटेत एकदाही तळ लागला नाही तर उलट फोर्क जास्त कडक आहे असं समजावं. पण इतके पावसाळे एकाच तेलावर काढलेस, ते बदलावंच लागेल. जुनं तेल पातळ होतं, तळाकडचा आधार जातो. आपल्याकडच्या पावसात धुळीच्या सीलखालून पाणीही शिरतं. तेल राखाडी, दुधाळ निघालं तर पाणी आहे, मग सीलसुद्धा बदलू. पुस्तकात लिहिलंय त्याच ग्रेडचं आणि तेवढंच तेल घालायचं, दोन्ही नळ्यांत सारखं. कुणी जाड तेल घालून फोर्क कडक करू म्हणालं तर करू देऊ नको, परत येताना तो सावकाश येईल आणि सड्यावरच्या लागोपाठच्या खड्ड्यांत खाली-खालीच बसत जाईल.

काजू सुरू व्हायच्या आधीच्या शनिवारी सकाळी घेऊन ये. दुपारी परत जाशील. येताना ते आकडे लिहिलेला कागद आण. तेल बदलल्यावर पुढचं पुन्हा मोजायचं आहे.